विंटर फेरी कुणाची

१४ जानेवारी २००७, पिंपळवंडी

भऱ्याने आज तिळगूळ खाता खाता नवीन खूळ काढलं. पॉडकास्ट. म्हणजे दोघांनी माईकसमोर बसून गप्पा मारायच्या, त्या कॉम्प्युटरवर साठवायच्या आणि इंटरनेटवर सोडून द्यायच्या. ज्याला हव्यात तो उतरवून घेईल. रेडिओच, पण कुणाची परवानगी न मागता. आळेफाट्यावरच्या त्याच्या सायबर कॅफेत ब्रॉडबँड आल्यापासून त्याचे हात शिवशिवतायत.

"कशावर बोलायचं?" मी विचारलं.

"ग्लास ऑर्चर्डवर. तुला दुसरं काय येतंय, दाद्या?"

ग्लास ऑर्चर्ड हा विलायतेतला सत्तरच्या दशकातला बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक. अर्धा अर्धा तास चालणारं एकच गाणं, मध्येच बदलणारे ताल, आणि शब्द असे की इंग्रजीच्या मास्तरांनी हात टेकावेत. ओतूरपासून नारायणगावपर्यंत त्यांचे चाहते दोनच, मी आणि भऱ्या. त्यातही पहिला मी. हे इथे स्पष्ट लिहून ठेवतो, कारण पुढे कुणीही काहीही सांगेल. १९९३ साली खोडदच्या दुर्बिणीच्या कामावर आलेले एक बंगाली साहेब आमच्या माडीवर भाड्याने राहायचे. त्यांनी या बँडचा 'विंटर फेरी' अल्बम मला साठ मिनिटांच्या एका कॅसेटवर भरून दिला आणि बदली होऊन गेले. भऱ्याने ते पहिल्यांदा ऐकलं आमच्याच ओट्यावर, आणि ऐकून विचारलं होतं, "कॅसेट अडकली का काय रं?" तो माणूस आता पॉडकास्ट काढणार.

मी अट घातली. बँडचे आठ अल्बम, एका भागात एक. पण 'विंटर फेरी'वर मुख्य बोलणार मी. तो म्हणाला, "बघू." हा 'बघू' मला आवडला नाही. शिवाय चहाची कपबशी ठेवायला म्हणून आत गेला तो बराच वेळ माझ्या बायकोशी, आरतीशी, हळू आवाजात बोलत राहिला. मी दारात गेलो तर दोघं गप्प. आरती म्हणाली, "भाऊजी तिळाचं विचारत व्हते." भऱ्याला तिळातलं काय कळतं.

२८ जानेवारी

पहिला भाग झाला. नाव ठेवलं 'काचेची बाग'. भऱ्याच्या केबिनला आतून गोधड्या टांगल्या, पंखा बंद केला आणि लोडशेडिंगच्या वेळा बघून रेकॉर्डिंगला बसलो. माईक दोन. एक चांगला, हेडफोनचा. दुसरा त्याने मंडपवाल्याकडून आणलेला, त्यात आपलाच आवाज घागरीतून आल्यासारखा येतो. चांगला कुणी घेतला हे लिहायला नको.

मी तयारी करून गेलो होतो. पहिल्या अल्बममधला सात मात्रांचा ताल म्हणजे सरळ सरळ आपला रूपक, हे मी टेबलावर वाजवून दाखवलं. या बँडचा रूपक आमच्या आबांनीच, म्हणजे वडिलांनी, पहिल्यांदा ओळखला होता. आबा भजनी मंडळात मृदंग वाजवायचे. साहेबांची ती कॅसेट लागली की मांडीवर हात मारायचे आणि म्हणायचे, "गोरं हायेत पण लयीला पक्कं हायेत."

मी तालावर बोलत असताना भऱ्या मध्येच म्हणाला, "मंडळी, थांबा, बाहेर उसात बिबट्या आलाय का बघतो." आणि मग बिबट्याचीच गोष्ट सुरू. त्याच्या पिंपरी पेंढारच्या चुलत्याच्या गोठ्यातली. ती किती लांबावी? बँडचा कीबोर्डवाला राहिला बाजूला.

६ फेब्रुवारी

मेल आल्या. पुण्याहून, नाशिकहून, एक तर अमेरिकेतून. भऱ्याने कौतुकाने वाचून दाखवल्या. 'भरतभाऊ, काय बोलता राव.' 'भरतजी, बिबट्याचा किस्सा पुन्हा ऐकला.' 'भरत आणि त्यांचे सहकारी यांचे आभार.'

सहकारी.

आळेफाट्यावरच्या माझ्या दुकानात दिवसभर मोटरी भरत बसलो. मोटर रिवायंडिंगचं एक बरं असतं, तांब्याची तार आपल्याला काही विचारत नाही. पण आज दोनदा वेढे चुकले. मला राग मेलचा नाही. मला राग याचा आहे की भऱ्याला ते आवडलं. माणसाला कौतुक आवडू नये असं नाही, पण ते माझ्या अल्बमांवर उभं राहून मिळालेलं असावं आणि त्याने ते एकट्याने गिळावं, हे मला बघवत नाही. पोटात दुखतंय म्हणायला लाज वाटते, पण दुखतंय.

१९ फेब्रुवारी

आज मी विषय काढला. तिसरा भाग 'विंटर फेरी'वर करू. भऱ्या म्हणाला, "लगीच कशाला? शेवटी ठिऊ." मी म्हणालो, क्रमाने तोच येतो. तो म्हणाला, "दाद्या, क्रमाचं काय घिऊन बसलास, आपण काय रेशनच्या रांगेत हाये का?" आणि गिऱ्हाइकाचं झेरॉक्स काढायला उठला.

इतकं टाळण्यासारखं काय आहे? मला वाटतं मला कळलंय. त्याला तो भाग स्वतःला हवाय. कारण त्याचा शेवट.

हा शेवट कसा आहे ते कुणालाही सांगताना माझ्या अंगावर काटा येतो. फेरी म्हणजे नाव, हिवाळ्यातली. माणसं एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्याला चाललीत. दुसऱ्या बाजूचं ते लांबलचक गाणं रूपकात चालतं, गिटारचा एक सूर चढत चढत जातो, वर, अजून वर, आता उतरणार असं वाटतं आणि खट्. बंद. पुढे काही नाही. नाव मध्येच, माणसं मध्येच, सूर मध्येच. असा शेवट करायला छाती लागते.

आबा गेले तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. भर दुपारी विहिरीपाशी उभे होते. मी पाटाकडे होतो. मला हाक मारून म्हणाले, "दादा, ती मोटर जरा..." आणि बसले, ते बसलेच. मोटर जरा काय? चालू कर, बंद कर, बघ, झाकून ठेव? सगळं गाव सांत्वनाला आलं, सगळ्यांनी काहीबाही सांगितलं, पण त्या वाक्याचं कुणाकडेच काही नव्हतं. दहाव्यानंतर मी ती कॅसेट लावली. सूर चढला आणि खट् झालं, आणि मला पहिल्यांदा रडू आलं. वाटलं, तिकडे विलायतेतही असंच होतं. मध्येच तुटणं हाच शेवट असू शकतो, हे त्या लोकांना ठाऊक होतं. भऱ्या तेव्हा माझ्या शेजारीच बसला होता. त्याला हे सगळं माहीत आहे आणि तरी त्याची नजर माझ्या शेवटावर आहे.

४ मार्च

आता एक वृषाली उपटलीय. राहते पुण्यात, कॉम्प्युटर कंपनीत आहे, वडिलांनी जमवलेल्या या बँडच्या मूळ तबकड्या तिच्याकडे आहेत. आजच्या भागात फोनवरून पाहुणी म्हणून आली. फोनचा रिसीव्हर चांगल्या माईकपाशी धरायचा म्हणून भऱ्या त्याच्याशी चिकटून बसलेला. दोघांचं हसणं चाललेलं. मी घागरीतून एकदोनदा काही म्हणालो, ते त्यांनी ऐकलं असेल नसेल.

रेकॉर्डिंग संपल्यावर ती त्याला काही विचारत होती. हा बाहेर जाऊन, भिंतीकडे तोंड करून बोलला. "न्हाई, त्याच्याम्होरं नको," एवढं मला ऐकू आलं. त्याच्यापुढे नको म्हणजे माझ्यापुढे नको. दोघांचं आपसात काय ते ठरलंय. 'विंटर फेरी' ते दोघं करणार आणि मला भाग लागल्यावर कळणार. मी विचारलं तर म्हणतो, "काय न्हाय रं, तबकड्यांचं चाललं व्हतं."

२२ मार्च

भऱ्याने सगळे भाग सीडीवर भरून आरतीला दिलेत. ती भाकरी थापता थापता ऐकते. लग्न झाल्यापासून जिने माझी एक कॅसेट पुरती ऐकली नाही, टेपच्या खोलीचं दार लावून घेतलं, ती आता ग्लास ऑर्चर्डचा ड्रमवाला का सोडून गेला यावर बोलते. ती घरात आली तेव्हा तर मी तिला हे सगळं स्वतः सांगितलं होतं. तेव्हा तिला झोप यायची.

"भाऊजी बोलत्यात लई मजेशीर," म्हणाली.

"आणि मी?"

"तुमचं बी चांगलं असतं. जरा शाळंवानी वाटतं येवढंच."

जेवलो नाही. पोट बरं नाही म्हणून सांगितलं. तिने ओवा आणून दिला.

८ एप्रिल

आज जे केलं ते कुणाला न घाबरता लिहितो.

वृषाली मैत्रिणींबरोबर माळशेजला निघाली होती. वाटेत आळेफाट्यावर थांबून समोरासमोर एक भाग करायचा असं तिचं आणि भऱ्याचं ठरलं होतं. पण भऱ्या काल डिंभ्याला बहिणीकडे गेला आणि तिथेच अडकला. सकाळची एसटी आलीच नाही, दुपारच्या गाडीची खात्री नाही. त्याने फोन केला. "दाद्या, त्या आल्या की बसव, च्या पाज. पायजे तर पयला अल्बम परत घ्या. पर 'विंटर फेरी'ला हात लावू नगं. मी आल्याबिगर न्हाई."

मी हो म्हणालो. किल्ली माझ्याकडे असतेच. केबिन उघडली, गोधड्या सारख्या केल्या, चांगला माईक माझ्यासमोर ठेवला आणि घागर तिच्यासमोर. ती साधी मुलगी निघाली, तिला त्यातलं काही कळलं नाही. मी यंत्र चालू केलं आणि म्हणालो, "नमस्कार, काचेच्या बागेत आज 'विंटर फेरी'." ती जरा दचकली. म्हणाली, "भरत येणार नाहीत का?" मी म्हणालो, हा अल्बम माझ्याकडे असतो.

आणि मी बोललो. इतका चांगला मी आयुष्यात बोललो नसेन. आबा, रूपक, विहीर, सगळं आलं. शाळेसारखं तर मुळीच नव्हतं. शेवटच्या सुरापर्यंत आलो आणि सांगितलं, की जगातल्या कुठल्याही बँडने असं धाडस केलं नाही. सूर असा तुटतो. खट्. मी टेबलावर बोट आपटून दाखवलं.

ती काही बोलेना. मला वाटलं भारावली. तिने पदराशी खेळावं तसं ओढणीचं टोक धरलं होतं.

मग म्हणाली, "दादाभाऊ, हे बंद करता का जरा?"

मी यंत्र बंद केलं.

"तुम्ही कॅसेटवर ऐकलंय का?"

"हो. साठची. साहेबांनी स्वतः भरून दिलेली."

"दोन तबकड्यांचा अल्बम आहे तो. तासाच्या पुढे जातो." ती माझ्याकडे बघत नव्हती. "त्या सुरानंतर अजून बरंच आहे. तुमची... तुमची टेप संपली असणार."

मी म्हणालो, असं कसं होईल. ती म्हणाली, "सॉरी. मला बोलायचं नव्हतं. भरतनी मला बजावलं होतं, हा विषय तुमच्यासमोर काढायचा नाही म्हणून."

रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला, तिच्या मैत्रिणी बोलवत होत्या. चहा न घेता गेली.

९ एप्रिल

काही लिहायचं नाही.

१२ एप्रिल

मोटरींचा हंगाम आहे. विजेचा दाब कमी, शेतकरी जळालेल्या मोटरी घेऊन रांगेत. मी मान वर न करता काम करतो. भऱ्या तीन वेळा दुकानाशी येऊन गेला. मी मशीन चालू ठेवलं. त्याने ते रेकॉर्डिंग ऐकलं असणार. पुसूनही टाकलं असणार, किंवा वृषालीबरोबर बसून हसला असणार.

चौदा वर्षं. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कोण म्हणून सुटला नाही माझ्या त्या शेवटातून. कॅसेट संपल्यावर टेपरेकॉर्डरचं बटण उडतं, त्याचा आवाज तो खट्. मी दिवसभर मोटरी उघडणारा माणूस, मला बटणाचा आवाज ओळखू येऊ नये?

आणि त्याला माहीत होतं. कधीपासून?

१३ एप्रिल

आरतीला विचारलं. ती दळण निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजींनी मंबईवनं सीडी आणली व्हती. शौर्याच्या बारशाच्या वक्ताला."

आमचा शौर्य पुढच्या वर्षी शाळेत जाईल.

"तवाच त्यांनी मला इचारलं, दाद्याला सांगू का. मीच म्हणलं, ऱ्हाऊ द्या. संक्रातीला परत इचारलं, आता म्हणं पॉडकासमधी लोकं बोलतील. म्हणलं तो भाग शेवटाला ठिवा, तवर बघू."

"म्हणजे तुम्ही दोघं सगळं ऐकून बसलात."

"मी न्हाई ऐकलं. तुमच्या आदी मी कशाला ऐकू?" तिने खडा बाजूला टाकला. "भाऊजींनी ऐकलंय."

मला वाटलं होतं राग येईल तो फसवल्याचा येईल. तसा नाही आला. आला तो याचा, की भऱ्याने ऐकलंय. माझ्या अल्बमचा जो भाग मला माहीत नाही, तो त्याच्या कानात इतकी वर्षं आहे. माझ्याशी बोलताना, माझं ऐकून मान डोलावताना, त्याच्या डोक्यात पुढचं वाजत असणार. इतका जळफळाट मला त्या मेलांनीही झाला नव्हता.

१६ एप्रिल

दुपारी भऱ्या आला तो सरळ आत येऊन स्टुलावर बसला. हातात सीडी आणि त्याचा जुना प्लेअर. मी मशीन चालू करायला गेलो तर त्याने प्लग काढला आणि तिथे प्लेअरचा लावला.

"शिव्या द्याच्या तर मागनं दे," म्हणाला. "आदी ऐक."

"तू किती वेळा ऐकलंस?"

"येकदा."

"खोटं."

"येकदाच, दाद्या. परत ऐकूच वाटंना. तुझ्याबिगर कसं बरं वाटंल?" मग म्हणाला, "तुला सांगायला लई बारी आलो. तू आबांचं काढायचास आन माझं त्वांड बंद व्हायचं."

त्याने शेवटचं गाणं लावलं. मी हातातली तार खाली ठेवली नाही. सीडीत घरघर नाही, त्यामुळे सगळं उघडं उघडं वाटतं. रूपक सुरू झाला. आरती डबा घेऊन आली होती ती दारातच थांबली. सूर चढायला लागला. वर, अजून वर. माझे दात आपोआप आवळले गेले, खट् होणार म्हणून. झालं नाही. सूर तिथेच थांबला, थरथरला आणि एक पायरी खाली उतरला. ती एक पायरी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

आणि लाइट गेली.

आळेफाट्यावरची सगळी यंत्रं एकदम गप्प झाली. आरतीने तोंडाला पदर लावला. ती हसत होती की काय ते मला कळलं नाही. भऱ्या प्लेअरकडे बघत बसला, जणू त्यानेच काही केलं होतं. आता पाच वाजेपर्यंत लाइट नाही हे आम्हा तिघांना पाठ होतं.

मी थांबू शकलो असतो. पण मला थांबवेना. आणि ज्या माणसाला मी या अल्बमवर कधी एक वाक्य पुरतं बोलू दिलं नव्हतं त्याला मी म्हणालो, "पुढं काय होतं?"

"म्या सांगू?"

"दुसरं कोण आहे इथं?"

त्याने घसा साफ केला आणि गुणगुणायला लागला. भऱ्याला सूर नाही, कधीच नव्हता. शाळेत प्रार्थनेला गुरुजी त्याला मागे उभं करायचे. तो टेबलावरच्या उघड्या मोटरीच्या सांगाड्यावर ताल धरत होता आणि सातच्या जागी आठ मारत होता. दोनदा सहन केलं, मग मी त्याचा हात बाजूला केला आणि रूपक मी धरला. त्याच्या हातांना दुसरं काम उरलं नाही म्हणून तो डोळे मिटून गायला लागला. सूर उतरत गेला, असं त्याने हाताने दाखवलं. मग ऑर्गन येतो म्हणाला, त्याचाही आवाज काढून दाखवला, तो रेड्यासारखा आला. मग ताल संथ होतो म्हणाला. मी संथ केला.

"आन शेवट?" आरतीने दारातून विचारलं.

भऱ्याने डोळे उघडले. आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या सांगाड्याकडे.

"शेवट काय न्हाय. नाव किनाऱ्याला लागती. माणसं उतरत्यात, त्यांच्या पायांचा आवाज येतो. मंग कोणतरी मोटर बंद करतं."

"मोटर?"

"नावंची. बंद करतं आन जातं घरी."

मी ताल सोडला नव्हता. एक आवर्तन तसंच वाजवत राहिलो, मग हात उचलला. आरतीने डबा टेबलावर ठेवला आणि तीन ठिकाणी वाढला. भऱ्याने दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पाचला लाइट आली. प्लेअरचा लाल दिवा लागला. भऱ्या गिऱ्हाइकं खोळंबली असतील म्हणून घाईघाईने निघून गेला, सीडी आतच ठेवून. त्याने सांगितलं तसं त्यात आहे की नाही, ते बटण दाबलं की कळेल.

सीडी अजून दुकानातच, प्लेअरमध्ये आहे. 'विंटर फेरी'चा भाग रविवारी करायचा ठरलाय. शेवटावर भऱ्याच बोलेल, असं मी त्याला निरोप पाठवून कळवलंय. चांगला माईक मात्र मी घेणार.